शिंगाळ्याचं हाड : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

विषय ठरला. खरं तर मला फुलपाखरं हवी होती, पण ती तिघांनी आधीच घेतलीत. मॅडम मला प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात घेऊन गेल्या आणि खालच्या फळीवरची एक बरणी काढायला लावली. आत हातभर लांबीचा मासा, रंग उडून चहासारखा झालेला, मिश्या काचेला चिकटलेल्या. लेबलवर शाईने 'मिस्टस सींघाला, पैठण'. साल पुसलंय. त्याखाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलने, 'ऑरिक्थिस'.

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही जुनी. आता काय म्हणतात ते शोध. पण नुसतं शोधून आणू नकोस, का म्हणतात ते हाडावर बोट ठेवून दाखव."

मला हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सींघाला! आमच्या आजोळी पैठणला याला शिंगाळाच म्हणतात. कुणीतरी आपलाच शब्द रोमीत दोन 'ई' घालून लॅटिनच्या रांगेत बसवलाय.

१४ जानेवारी, मंगळवार (संक्रांत)

पैठण. तिळगूळ एका हातात, शीतपेटी दुसऱ्या हातात. मामी म्हणाली, "सणाच्या दिशी मासे मोजायला आलीस व्हय गं?" मामा मात्र खूश. त्यांचा सगळा जन्म नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, गेला. हे धरण १९७६ मध्ये सुरू झालं, मामा त्याच्या आसपासचेच. ते म्हणतात, आमचं अन् धरणाचं वय एकच.

थर्माकोलच्या तराफ्यावरून ते सकाळीच जाळं काढून आले होते. चिलापी ढीगभर, दोन कटले आणि दोन शिंगाळे. त्यातला एक जिवंत होता. मामांनी तो पाठीकडून धरला आणि माझ्या कानाजवळ आणला. करकर करकर, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज.

"तोंडानं बोलतोय का?" मी.

"तोंडानं कशाला? काट्यानं बोलतोय. ह्यो बघ, कल्ल्यामागचा काटा हलवतंय."

बरोबर होतं. छातीच्या पराच्या काट्याचं बूड खांद्याच्या हाडातल्या खोबणीत घासतं आणि आवाज होतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, मामांनी वाचलं नव्हतं.

काटा एकदा ताठ झाला की ओढून मिटत नाही. मी ओढायला गेले तर मामा ओरडले, "ओढू नगं, फिरव!" किंचित फिरवला की मिटतो. पण तोवर अंगठ्यात टोक घुसलंच होतं. तासभर ठणका. मामीने पातेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी करून हात बुडवायला लावला, तेव्हा उतरला.

मोठा शिंगाळा मामांनी दिला, पैसे घेतले नाहीत. "नीट मोज," एवढंच म्हणाले.

१५ जानेवारी

फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी बाहेरून सगळं नोंदवलं. (एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी. पोटात आणि स्नायूंत सुईने भरलं, नाहीतर आतून सडतो.)

प्रमाण लांबी, म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत, ४१२ मिमी. डोकं ११८ मिमी. अंगावर एकही खवला नाही. मिश्यांच्या चार जोड्या: मागच्या नाकपुडीपाशी एक आखूड जोडी, वरच्या जबड्याची लांबलचक जोडी, हनुवटीखाली दोन जोड्या. लांब मिशी मागे ताणून धरली तर पाठीच्या पराच्या बुडापर्यंत येते. नाकाचं टोक रुंद आणि चपटं, चमच्यासारखं, पुढून कापल्यागत.

पाठीवर दोन पर. पुढचा काट्याचा, त्यात काट्यामागे सात किरण (पर ताणून धरणाऱ्या बारीक काड्या). मागचा मेदपर, त्यात ना काटा ना किरण, नुसता मऊ मांसल पडदा. दोघांची बुडं जवळपास सारखी, ५८ आणि ६२ मिमी. मेदपराच्या मागच्या टोकाला काळा गोल डाग, काजळाची तीट लावावी तसा.

हा डाग महत्त्वाचा. आणि आणखी एक: डोकं संपतं तिथून पाठीच्या काट्यापर्यंत बोट फिरवलं तर कातडीखाली एक अरुंद, लांबट, खरबरीत पट्टी लागते. बाजूंनी मऊ मांस, मधे ही पट्टी. फोटो काढून ठेवला. कशाची ते अजून कळलं नाही.

२२ जानेवारी

पोट उघडलं. जठर स्नायूंचं, जाड, आतड्याला फार लांबी नाही. शाकाहारी रोहूचं आतडं वेटोळ्यावर वेटोळं असतं, त्यापुढे हे काहीच नाही. जठरात अर्धवट पचलेली एक चिलापी आणि कोळंबीचे पाय. म्हणजे चिलापी खाणारा कुणीतरी धरणात आहे, मामांना सांगायला हवं.

दात मोठे नाहीत. जबड्यांवर आणि टाळूवर बारीक दातांचे पट्टे, कानसेसारखे. चावायला नव्हे, निसटू न द्यायला.

दुपारी वरचा जबडा सोडवताना गंमत कळली. आपल्या वरच्या जबड्याचं जे हाड, ज्यात दात रोवलेले असतात, ते यांच्यात जबड्याचं राहिलेलंच नाही. त्याची एक बारकी कांडी झालीय, दात नाहीत, आणि ती लांब मिशीचं बूड धरून बसलीय. टाळूचं हाड मागेपुढे सरकलं की मिशी आतबाहेर वळते. चाकूच्या टोकाने मी ते हाड ढकललं आणि मेलेल्या माशाची मिशी हलली. बाजूच्या टेबलावरची मैत्रीण किंचाळली.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वहीत लिहूच नये असं वाटतंय. पण मॅडम म्हणाल्या होत्या, चुका लिहिल्या नाहीत तर नोंदवही कशाला.

फॉर्मॅलिनमधल्या माशाची हाडं नीट सुटत नाहीत, म्हणून मामांकडून दुसरं ताजं डोकं आणलं होतं, पाठीच्या काट्यासकट. मामीच्या अंगणातल्या चुलीवर, जुन्या पातेल्यात ठेवलं. पद्धत अशी की पाणी उकळू द्यायचं नाही, गरम पाण्यात थोडा वेळ बुडवायचं, दात घासायच्या ब्रशने मांस काढायचं, पुन्हा बुडवायचं. मी आत जाऊन मामीशी बोलत बसले. बाहेर आले तर पाणी खदखदत होतं आणि कवटीच्या शिवणी उकलल्या होत्या. हाडं सुटी झाली, डाळीतल्या फोलपटासारखी तरंगत.

चहाच्या गाळणीतून पाणी गाळलं, उरलेला गाळ कडुनिंबाच्या बुडाशी टाकला.

रात्री होस्टेलवर कापसावर हाडं मांडली. डोक्याच्या मागे निघालेलं टोकदार हाड सापडलं, पाठीच्या काट्याचं बूड सापडलं. दोन्हींच्या मधे बोटभर जागा रिकामी. तिथे काय होतं? १५ तारखेचा फोटो काढला. ती खरबरीत पट्टी. ती मी कातडीचा तुकडा समजून कडुनिंबाला घातली.

मामांना फोन केला. त्यांनी बॅटरी घेऊन बघितलं. मुंगळे आणि मांजर, दोघांनीही हजेरी लावून झाली होती.

५ फेब्रुवारी

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "तू नेमकं तेच हाड टाकलंस ज्यावर या प्रजातीची ओळख आहे. आता ते विसरणार नाहीस." (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द.) मग ग्रंथालयात पाठवलं.

दिवसभर वाचलं. नावाची कुंडली अशी निघाली:

कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई इलाख्यात सांख्यिकी अधिकारी होता. दख्खनभर फिरला, पक्षी, मासे, पिकं, जे दिसेल त्याची नोंद केली. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. त्यात हा मासा, पुण्याच्या मुळा-मुठेतला. नाव दिलं प्लॅटिस्टोमा सींघाला. प्लॅटिस्टोमा म्हणजे चपट्या तोंडाचा. साइक्सची यादी वाचताना वाटतं मासळी बाजारात उभे आहोत: शेंगटीचं 'सींगटी', मळ्याचं 'मुल्या'. त्याने कोळ्या-भोयांना विचारलं आणि ऐकलं तसं लिहिलं. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

त्याच यादीत एक 'गोग्रा' आहे, आज रीटा गोग्रा. मला वाटतं हा आपला घोगरा असावा, घोगऱ्या आवाजाचा, कारण तोही पकडल्यावर कुरकुरतो. पुरावा काही नाही, पण खोडत नाही.

त्याआधी, १८२२ मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवर लिहिताना याच घराण्यातला दुसरा एक नोंदवला होता, 'एऑर'. बंगालीत त्याला आड किंवा आईड म्हणतात. तोही लोकांच्या तोंडचाच शब्द.

पुढे १८५६ मध्ये द्युमेरिलने मॅक्रोनिस हे प्रजातीनाम काढलं. फ्रान्सिस डेने भारतातल्या माशांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात हेच वापरलं, म्हणून जुन्या पुस्तकांत मॅक्रोनिस सींघाला सापडतो. अडचण ही की मॅक्रोनिस नाव १८४१ मध्येच एका भुंग्याला देऊन झालं होतं. प्राण्यांच्या नावांत नियम कडक आहे, एक नाव एकाच प्रजातीला, आधी आला त्याचा हक्क. आणि प्लॅटिस्टोमा? ते तर १८०३ पासून एका माशीचं आहे. मासा आणि माशी! दोन नावं, दोन्ही किड्यांच्या ताब्यात.

१९३९ मध्ये हॉलीने मॅक्रोनिसच्या जागी स्पेराटा सुचवलं. त्याच वर्षी वू यांनी ऑरिक्थिस काढलं. बरणीवरची पेन्सिल तिथली. मधल्या काळात कित्येकांनी सगळे सरसकट मिस्टसमध्ये कोंबले, बरणीवरची शाई तिथली. १९९९ मध्ये फेरारिस आणि रुंगे यांनी सगळा गुंता सोडवला. स्पेराटा आधीचं म्हणून तेच ग्राह्य. प्रजातीत चार जाती: एऑर, सींघाला, ब्लाइथने १८५८ मध्ये वर्णिलेली एओरेला, आणि म्यानमारमधली अॅसिक्युलॅरिस, जी त्यांनी स्वतः नव्याने वर्णिली.

पहिला शब्द चार वेळा बदलला. दुसरा, शिंगाळा, १८३९ पासून आहे तिथेच आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवं डोकं. यावेळी चुलीजवळून हलले नाही. मामी म्हणाली, "दूध ठिवल्यावानी बसलीस." थर्मामीटर नव्हता, बोट बुडवून ठरवलं. तीन तास, बारा बुडव्या, एक ब्रश वाया.

आणि हे हाड. मागच्या टोकाला, काट्याच्या बुडाला टेकणारं. दोन्ही टोकांना निमुळतं, वरून दाणेदार. तीळ चिकटलेल्या रेवडीसारखं म्हटलं तर मॅडम अहवालातून खोडतील, इथे राहू दे. डोक्याच्या मागच्या टोकाला ते नुसतं शेजारी येतं, शिवलेलं नाही. म्हणूनच उकळल्यावर निघून गेलं.

याला इंटरन्यूरल म्हणतात. पाठीच्या पराला आतून आधार देणाऱ्या हाडांच्या रांगेतलं ते पुढचं. बाकी माशांत ते आत मांसात लपलेलं किंवा नगण्य. स्पेराटात ते लांब होऊन कातडीपर्यंत वर आलंय, चिलखताच्या पट्टीसारखं. मिस्टसमध्ये असं मधे काही नसतं.

मामा हातात घेऊन म्हणाले, "हे तर रोज ताटात येतं. आमी चोखून टाकतो."

१८ मार्च

परवा नाथषष्ठी. पैठणला दिंड्या येऊन पोचल्यात, मामी म्हणाली या आठवड्यात माशाचं नाव काढू नकोस. शहरातल्या बाजारातून शेंगट्या आणल्या, पाच, वितीएवढ्या. विकणाऱ्या मावशी त्यांनाही शिंगाळ्याची पिल्लंच म्हणतात. "मोठी झाली की शिंगाळा व्हतो, बाई." नाही होत.

शेंगटीच्या (मिस्टस, साइक्सची सींगटीच असावी) डोक्याच्या मागचं टोक थेट पाठीच्या काट्याच्या बुडाला जाऊन टेकतं. मधे पट्टी नाही, जागाच नाही. मेदपर लांबच लांब, पाठीच्या पराला लागूनच सुरू होणारा. काळा डाग आहे, पण पाठीच्या काट्याच्या बुडाशी. डाग कुठे एवढं बघितलं तरी पिल्लू की शेंगटी ते कळतं. मावशींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग मी आजवर खोटं बोलून ईकलं म्हणायचं का?" आणि भाव तोच ठेवला.

एऑर मला मिळणार नाही. पुस्तकातून टिपलं: त्याची लांब मिशी शेपटीपर्यंत जाते आणि मेदपराचं बूड पाठीच्या पराच्या बुडापेक्षा लांब. माझ्या माशाची ५८ आणि ६२ ही आकडेवारी अशी कामाला आली.

४ एप्रिल

सगळ्यात अवघड काम, म्हणून पुढे ढकलत होते. वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) आणि कानाच्या मधली हाडं. ऊन ४० च्या वर, पंखा बंद ठेवावा लागतो कारण वाऱ्याने बारीक हाडं उडतात.

मानेचे पहिले काही मणके इथे वेगवेगळे नाहीतच, एकमेकांत जुळून एक गोळा झालाय. त्याच्या बाजूने चार चिमुकल्या हाडांची साखळी, वाताशयाच्या भिंतीपासून कानापर्यंत. पाण्यातला आवाज वाताशयाला थरथरवतो, साखळी ती थरथर कानाला पोचवते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबरने १८२० मध्ये हे वर्णिलं, म्हणून वेबरची हाडं. रोहू-कटल्यातही ती असतात. म्हणजे मिशीवाले आणि खवलेवाले दिसायला कितीही वेगळे असोत, नातं आहे. मला सगळ्यात मोठं, ट्रायपस, एका बाजूचं सापडलं. दुसऱ्या बाजूची सगळी साखळी चिमट्याने तुटली. जे सापडलं तेवढंच चिकटवलं, बाकीचं आकृतीत तुटक रेषेने.

मामा तराफ्यावर वल्हं आपटू देत नाहीत. लहानपणी वाटायचं उगीच कटकट करतात.

२२ एप्रिल

लिहिणं सुरू. वर्गीकरणाचा वरचा भाग पटकन: गण सिल्युरिफॉर्मिस, कुल बॅग्रिडी. या कुलात पूर्वी आफ्रिकेतले बरेच मासे होते, १९९१ मध्ये मो यांनी हाडांवरून त्यातले काही वेगळ्या कुलांत काढले. रीटा आपली की परकी यावर अजून मतं आहेत, तिच्या मिश्या तीनच जोड्या. माझ्या प्रकल्पाबाहेरचं, एका ओळीत संपवलं.

एक परिच्छेद मात्र मी मनाने वाढवला. मामी नेहमी म्हणते शिंगाळा लेकराला निर्धास्त खाऊ घालावा, मांसात काटे नसतात. खरंच नसतात. चिलापी किंवा रोहू खाताना जे वाय-आकाराचे बारीक काटे जिभेवर येतात... नाही, चिलापीत ते नाहीत, रोहूत आहेत. दुरुस्त केलं. स्नायूंमधले ते काटे या गणातल्या माशांत मुळातच नसतात. कल्ल्याच्या झाकणातल्या हाडांपैकीही एक नसतं. मॅडमनी परिच्छेद ठेवला, 'मामी' खोडून 'स्थानिक माहितगार' केलं. मामीला सांगितल्यावर ती दिवसभर स्वतःला माहितगार म्हणत होती.

९ मे

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी हाडं बघितली, इंटरन्यूरलवर बोट ठेवून नाव विचारलं, मी सांगितलं. मग वाळवलेल्या माशाच्या छातीचा काटा त्यांनी सहज उभा केला आणि तो अडकला. मिटेना. ते ओढायला लागले. "ओढू नका सर, फिरवा," माझ्या तोंडून निघून गेलं. फिरवला, मिटला. अंगठा बघू लागले, पण लागलं नव्हतं.

संध्याकाळी बरणीत ताजं सत्तर टक्के अल्कोहोल भरलं. नवं लेबल शिशाच्या पेन्सिलने लिहिलं, शाई विरघळते: स्पेराटा सींघाला (साइक्स, १८३९), शिंगाळा, गोदावरी, पैठण. जुनं काढून टाकायला गेले तर प्रयोगशाळेतल्या काकांनी हात धरला. संग्रहालयात जुनं लेबल फेकत नाहीत म्हणे, बरणीतच राहतं. दोन्ही आत सोडली. मिस्टसचं लेबल मिशीला अडकून अर्ध्यावर तरंगत राहिलं.